पायाळू चांगुणाचा पत्ता

फुलंब्री तहसीलच्या आवारात एका सकाळी ॲपे रिक्षातून एक दार उतरलं. जुन्या फळ्यांचं, कडीकोयंड्यासकट, बिजागऱ्या लोंबत असलेलं. दोघांनी ते दोन्हीकडून धरलं, मागून एक आंधळा म्हातारा दाराला हात लावून चालत आला, आणि ही वरात थेट माझ्या टेबलासमोर येऊन थांबली.

"मॅडम, तुमी घराचा पुरावा आना म्हन्ले व्हते," म्हातारा म्हणाला. "पावती काय गावंना. पन घराचा नंबर दारावर टाकलेला हाय, म्हनून दारच आनलं. बघा, दिसतोय का?"

दिसत होता. गेरूनं रंगवलेला, ग्रामपंचायतीचा.

"अहो बाबा, मग घराला काय लावून आलात?"

"पोतं बांधलंय."

"आणि कुणी घरात शिरलं म्हणजे?"

"शिरंल तर शिरंल. हुडकून हुडकून दमंल आन जाईल माघारी."

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले. मग ग्रामसेवकाला फोन करून चांगला झापला, त्याच्याकडून रहिवासाचा दाखला मागवला आणि दार परत रिक्षात चढवलं. म्हाताऱ्याचं काम झालं. पण त्या दिवशी मला आमच्या कामाबद्दल जे कळलं, ते कुठल्या प्रशिक्षणात कळलं नव्हतं. आम्ही माणसाला म्हणतो, "पुरावा आणा." आणि माणूस बिचारा जे जवळ असेल ते उचलून आणतो.

निवृत्त होईपर्यंतची शेवटची बरीच वर्षं मी अव्वल कारकून म्हणून निराधारच्या टेबलावर होते. गारखेड्यातून सकाळी निघायचं, हर्सूलला जीप भरायची, दाटीवाटीनं फुलंब्री गाठायचं, आणि दिवसभर माणसं बघायची. मी स्वभावानं चिडकी. ऑफिसात मला माघारी 'मिरची मॅडम' म्हणत, हे मला माहीत होतं आणि ते मला आवडायचंही. मऊ माणसाचं टेबल दलाल खाऊन टाकतात.

काम काय, ते साध्या शब्दांत सांगते. ज्यांना हात, पाय, डोळे, कान साथ देत नाहीत आणि घरी कमाई नाही, त्यांना सरकार दरमहा थोडी मदत करतं. खेड्यात तिला 'पगार' म्हणतात. "मॅडम, माझा पगार चालू झाला का?" असं लोक विचारायचे, जणू मीच त्यांना कामावर ठेवलंय. ह्या पगाराला डॉक्टरचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो, आणि माणूस बरीच वर्षं ह्याच राज्यात राहतोय ह्याचा लागतो. पहिले दोन मिळतात. लुळा पाय डॉक्टरला डोळ्यांनी दिसतो. पण तो लुळा पाय इथलाच आहे हे दाखवताना भल्याभल्यांच्या नाकीनऊ येतात.

त्यातून त्या एका दाखल्याचं नावच भारी: वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास. आधी मी शहरातल्या कार्यालयात होते, तेव्हा हाताला लकवा झालेल्या एक खाला यायच्या. 'राष्ट्रीयत्व' म्हणजे काय, त्यांनी विचारलं. म्हटलं, तुम्ही ह्याच देशाच्या आहात ना, हे बघायचं असतं. आधी त्यांचा चेहरा उतरला. मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "बेटी, मैं तो कब्बी जालना बी नै गई. दूसरे मुलुक कायकू जाऊँगी?" त्यांच्या वडिलांची शाळेची नोंद निघाली म्हणून भागलं. ज्यांच्या घरात शाळेचं तोंडच कुणी बघितलेलं नाही, त्यांची नोंद कुठनं काढायची? अशी कितीतरी माणसं माझ्यासमोरून हात हलवत परत गेली. त्यांचे चेहरे अजून आठवतात आणि वाईट वाटतं. ते मी लपवत नाही.

पण आज सांगायची आहे ती चांगुणा.

ठकूबाई तिला पाठीवर घेऊनच आली होती. पाठ वाकलेली, हातात पितळी कडी, कपाळाला ठसठशीत भंडारा लावलेली म्हातारी, आणि तिच्या पाठीवर चाळिशीला टेकलेली लेक. लेकीचे दोन्ही पाय वाळलेले, आईच्या कमरेशी नुसते लोंबत होते. उन्हाचे दिवस. माझं डोकं आधीच तापलेलं.

"मावशी, एवढ्या उन्हात तिला कशाला उचलून आणली? कागदं आणायची असतात, माणूस नाही."

"कागदं तिच्याच कमरंला हायती, मॅडम," ठकूबाई म्हणाली. "ती दुसऱ्या कुनाजवळ देत नाय."

चांगुणानं पाठीवरूनच कनवटीची पिशवी सोडली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आधी पंखा लावा की, मॅडम. लई उकडतंय." मला काही ही बाई गरीब बिचारी वाटली नाही.

कागदं बघितली आणि मी कपाळाला हात लावला. डॉक्टरच्या दाखल्यावर सिल्लोड तालुक्यातलं एक गाव. आधार कार्डावर तर थेट मध्य प्रदेशातलं, बुऱ्हाणपूरकडचं. आणि रेशन कार्ड भावाच्या नावानं, फुलंब्री तालुक्यातल्या बोरवाडीचं. त्यात चांगुणाचं नाव होतं, पण तलाठ्यानं चौकशी करून लिहून दिलं होतं, की सदर महिला बोरवाडीत राहत नाही, घराला छप्परही नाही.

"छप्पर कुठं गेलं?"

"पत्रं व्हय? ते म्हाळूनं पालाला घेतलं काढून." म्हाळू म्हणजे चांगुणाचा धाकटा भाऊ.

"मग राहता कुठं तुम्ही?"

"आज निंबवाडीच्या शिवारात हाओत."

"आज नाही हो, मावशी. राहता कुठं?"

"तेच की. आज निंबवाडीच्या शिवारात."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. ही मेंढपाळ माणसं. मेंढरं, घोडी, कोंबड्या, पाल, पोरंबाळं, हा सगळा मिळून त्यांचा 'वाडा', आणि वाडा रोज-दोन रोजाला पुढं सरकतो. सुगी झाली, रानं रिकामी झाली, की शेतकरी त्यांना बोलावून रात्रभर आपल्या रानात मेंढ्या बसवतात. लेंड्यामुताचं खत रानाला मिळतं, बदल्यात धनगराला धान्य मिळतं. हिवाळ्यात वाडा खाली खानदेशात उतरतो, कधी तापीच्या पल्याडही जातो. अशा माणसाला कुणी विचारलं, कुठं राहता, की तो आज जिथं असेल ते गाव सांगतो. खोटं कशाला सांगायचं? दवाखान्यात कारकुनानं विचारलं तेव्हा वाडा सिल्लोडकडं होता. आधारवाले भेटले तेव्हा बुऱ्हाणपूरकडं होता. जिथं तिथं खरं बोलून ह्या बाईनं स्वतःला बेपत्ता करून ठेवलं होतं.

अर्ज समितीपुढं गेला आणि फेटाळला गेला. शेरा होता: 'अर्जदार परराज्यातील रहिवासी असल्याचे दिसते.'

मी तो शेरा ठकूबाईला वाचून दाखवला. तिला पहिल्यांदा कळलाच नाही. मग कळला तेव्हा ती खाली फरशीवर बसली आणि तिनं मला सगळं सांगितलं. म्हाळू मेंढरं विकायला निघाला होता. कुरणं राहिली नाहीत, जंगलवाले आत येऊ देत नाहीत, शेतकरी आता पोत्यातलं खत टाकतात. वाळूजला एका कंपनीत वॉचमन म्हणून त्याला बोलावणं होतं. एका खोलीत तो, बायको, दोन लेकरं.

"मी हाय तवर हिला उचलीन, मॅडम. पन माझं काय खरं नाय आता. माझ्यामागं हिनं कुनाच्या तोंडाकडं बघायचं? भावजय वाईट नाय. पन नुसती खाती म्हनून बसलेली ननंद कुनाला गोड लागती? हिच्या नावाचं कायतरी हिच्या हातात पायजे. माझे डोळे मिटायच्या आधी पायजे."

चांगुणा खिडकीकडं तोंड करून बसली होती. म्हणाली, "आये, रडू नको. लोकं बघत्यात."

मला राग आला. कुणाचा, ते नक्की सांगता येणार नाही. म्हटलं, "मावशी, वाटेवरच्या गावांत हिला कोण ओळखतं?"

"हिला?" ठकूबाई डोळे पुसून हसली. "हिला कोन वळखत नाय? ही पायाळू हाय की."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोटातून पायाकडून बाहेर आलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. अशा माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघते, असं आपल्याकडं मानतात. निघते का नाही, मला माहीत नाही. पण वाडा आला असं कळलं की कमरेत चमक भरलेले गडी, पाणी शेंदताना पाठ धरलेल्या बाया, सगळे पालाशी येऊन पालथे पडायचे, आणि ठकूबाई लेकीचा तो वाळका पाय हातानं उचलून त्यांच्या पाठीवर ठेवायची. लोक पायलीभर जोंधळे देऊन जायचे. स्वतःला कधी एक पाऊल टाकता आलं नाही त्या बाईनं अख्ख्या मुलखाच्या कमरा सरळ केल्या होत्या.

"आणि जन्मली कुठं ही?" मी विचारलं. जन्म राज्यातला आहे असं कुणी जाणतं माणूस सांगणारं मिळालं, तर निम्मं काम होणार होतं.

ठकूबाईनं नजर खाली घातली. "वाटंत झाली."

"कुठल्या वाटेत? कोण होतं जवळ?"

"कुनी नव्हतं. एकटीच व्हते."

त्यापुढं ती काही बोलेना. मीही सोडून दिलं.

आमचे नायब तहसीलदार शिंदे साहेब. वयानं माझ्या मुलाएवढे, सरळ परीक्षा देऊन आलेले, हुशार आणि फार जपून चालणारे. आधीच्या कुणा साहेबाची भलत्या माणसाला पगार मंजूर केला म्हणून चौकशी लागलेली, त्यामुळं हे ताकही फुंकून पीत. मी त्यांना म्हटलं, दरसाल ज्यांच्या रानात हा वाडा बसतो, त्या शेतकऱ्यांचे जबाब घेऊ. ते म्हणाले, ठीक आहे, घ्या. मी तलाठ्यांना कामाला लावलं. जबाब आले ते वाचण्यासारखे होते. 'सदर महिलेने माझी उसण काढली असल्याने मी तिला चांगले ओळखतो.' असं एक नाही, चांगलं पाकीटभर.

पण गंमत अशी, की ओळखतो असं सगळ्यांनी लिहून दिलं, आणि राहते असं एकानंही लिहिलं नाही. का, तर कूळ लागेल! कुळाच्या नावानं इकडं मोठमोठे बागायतदारही झोपेत दचकतात. आपल्या रानात कुणी वर्षानुवर्षं राहतो असं कागदावर आलं, की उद्या तो जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. मी फोनवर एकेकाला समजावून थकले. "अहो, मेंढरं बसल्यानं कूळ लागत नाही." तिकडून उत्तर यायचं, "तुमचं काय जातंय, मॅडम? रान आमचं हाय."

शेवटी मी शिंदे साहेबांच्या इतकी मागं लागले, की त्यांनी वैतागून स्थळपाहणीची तारीख दिली. वाडा तेव्हा धामणवाडीच्या शिवारात, भास्करराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात होता. जाताना जीपमध्ये ते म्हणाले, "मॅडम, एकानं तरी ठामपणे सांगितलं पाहिजे की ही इथली आहे. नाही तर मी अर्ज कायमचा बंद करणार. पुन्हा आणू नका माझ्यासमोर."

मक्याचं रिकामं रान. बांधावर एक जुनी बाभूळ, तिच्या सावलीत पाल. मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या पोटाखाली सावली शोधत उभी. भास्करराव बांधावर हात मागं बांधून उभे होते. भारदस्त माणूस, गळ्यात टॉवेल, एक मुलगा शहरात नोकरीला. बोलायला गोड.

"चांगुणाला म्या लहानपनापासून वळखतो, साहेब. चांगली पोर. पन राहती-बिहती लिहू नका. दोन रोज येत्यात, जात्यात. कूळबीळ लागलं म्हंजी म्या कुठं कोर्टात फिरू?"

मी पुन्हा तेच पुराण लावलं. भास्करराव मान डोलवत राहिले आणि नाही म्हणत राहिले.

मग साहेब पालापाशी गेले. चांगुणा घोंगडीवर बसली होती, मांडीवर एक कोकरू. साहेबांनी गुडघे टेकून नीट विचारलं, "ताई, तुम्ही राहायला कुठं?"

आता ठकूबाईनं तिला आदल्या दिवसापासून पढवलं होतं. कुणीही विचारलं तरी बोरवाडी सांगायचं. मी स्वतः बजावलं होतं. चांगुणानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चहूकडच्या रानाकडं बघितलं, आणि म्हणाली, "आज इथं हाओत, साहेब."

"अगं भवाने!" ठकूबाईनं कपाळ बडवून घेतलं.

"मग काय खोटं सांगू? साहेब सोता बघायलेत की, इथं बसलेय म्हनून."

मला हसावं का रडावं कळेना. साहेब उठले, पँटची धूळ झटकली. "बघितलंत ना, मॅडम? ह्यात मी काय करू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईटच वाटत होतं त्यांना. त्यांनी फाईल मिटली. ठकूबाई खाली बसली आणि तिनं लेकीच्या पाठीवरनं हात फिरवायला सुरुवात केली.   एवढी वर्षं मिरची म्हणून मिरवलेली मी मुकाट्यानं कागदं आवरायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून एक म्हातारी काठी टेकत टेकत येताना दिसली. भास्कररावांची आई, गयाबाई. चालताना थांबायची, दम खायची, पुन्हा निघायची. भास्करराव पुढं धावले. "आये, तू कशाला आली उन्हात? जा घरी."

"सरक," म्हातारी म्हणाली. "कोन साहेब आल्यात? ह्ये? साहेब, कुठं राहती इचारून काय उपयोग? कुठं जन्मली ते इचारा की."

"आजी, नगा!" ठकूबाई एकदम ओरडली. "तुमी नगा बोलू."

"आये, घरी चल," भास्करराव म्हणाले. त्यांचा मघाचा गोड आवाज पार बदलला होता.

म्हातारीनं दोघांकडंही लक्ष दिलं नाही. काठीनं बाभळीचा बुंधा दाखवला. "हितं जन्मली. ह्या झाडाखाली. म्या केलं बाळतपन. पाय आधी आल्ते. लई येळ अडली व्हती ही ठकू. सगळे म्हनले, दोघी बी जात्यात. म्या पाय धरलं आन वढली पोर."

 मग ठकूबाईनंच हळूहळू सांगितलं. पोर चांगली निघाली होती. पुढं एक उन्हाळा गेला, दुसऱ्या उन्हाळ्याला वाडा परत आला, तेव्हा पोरीचे पाय लुळे पडलेले. वस्तीवरच्या बाया कुजबुजायला लागल्या, की गयाबाईनं पाय धरून ओढले, तेव्हाच शिरा तुटल्या. गयाबाई म्हणजे पंचक्रोशीतली नावाजलेली सुईण. त्या दिवसापासून तिनं कुणाच्या बाळंतपणाला हात लावला नाही. ठकूबाईनं तिच्यासमोर शपथ घेतली, की कुणी विचारलं तर सांगीन, वाटेत झाली, एकटीच होते. ती शपथ तिनं माझ्या टेबलासमोर, पगार हातचा जात असतानासुद्धा मोडली नव्हती. आणि भास्कररावही कुळाच्या नावाखाली आईचंच नाव झाकत होते, हे मला तेव्हा कळलं. ही सगळी माणसं एकमेकांना जपत होती, आणि त्यात चांगुणाचं गाव हरवलं होतं.

साहेबांनी फाईल उघडली. "आजी, हे तुम्ही लिहून द्याल?"

"द्याया तर आले."

"दर वर्षी येतात ही माणसं?"

"एक उन्हाळा चुकला नाय. हिचा बाप हितंच लहानाचा मोठा झाला. मेंढरं राखायची पोरं आन माझी पोरं एका ताटात जेवली. परराज्यातली म्हनं! कोन म्हनलं रं, परराज्यातली? आना त्याला माझ्याम्होरं."

शिंदे साहेब खाली बघायला लागले.

भास्कररावांनी गळ्यातला टॉवेल काढून तोंड पुसलं. "लिहा, मॅडम. दर उन्हाळ्याला हितं राहती म्हनून लिहा. माझी बी सही घ्या."

"आणि कूळ?" मला राहवलं नाही.

"मॅडम, आता गप बसा की!"

तुम्ही वाट बघत असाल म्हणून इथंच सांगून टाकते. त्या जबाबांवर साहेबांनी चौकशी अहवाल लिहिला, चांगला खणखणीत. चांगुणाचा अधिवासाचा दाखला निघाला, समितीत अर्ज मंजूर झाला आणि पगार चालू झाला. आधारवरचा पत्ताही आम्ही बदलून घेतला. ठकूबाईनं हे सगळं डोळ्यांनी बघितलं. पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी, त्याच बांधावर, आम्ही निघायच्या आधी घडलेलं.

मी जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी गयाबाईचा हात धरला. शाईच्या डबीपर्यंत आणलेला हात म्हातारीनं मागं घेतला. मला वाटलं, झालं, बाई फिरली.

"एक इचारू का, बाई?" तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं. "अंगठा दिल्यावर मला लगीच नेत्याल, का दोन रोजानं?"

"कुठं नेतील?"

"पोलीस ठान्यात. म्या वढली म्हनून कबूल केलं ना आता. घरची आवराआवर करून येते म्हनलं."

 ही बाई गुन्हा कबूल करायला आली होती. आपल्याला धरून नेणार असं समजून, उन्हातून, काठी टेकत, आपल्या पायांनी आली होती. मी फाईलमधून डॉक्टरचा दाखला काढला.  म्हटलं, "आजी, इकडं बघा. हे मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरनं लिहिलंय. हिचे पाय पोलिओनं गेलेत. लहानपणी ताप येतो ना, त्यातनं. तुमच्या ओढण्यानं नाही. तुम्ही ओढली म्हणून तर ती जगली."

तिला पटेना. तिनं साहेबांकडं बघितलं. साहेब तिच्यासमोर खाली मातीतच बसले आणि म्हणाले, "खरंय, आजी. तापानंच गेले. तुमचा काही दोष नाही."

"आला व्हता की ताप," ठकूबाई म्हणाली. "तापीच्या पल्याड व्हतो तवा. लई दिस व्हता. म्या सांगत व्हते आजींना. ऐकत्यात व्हय?"

 गयाबाई काठी टाकून चांगुणाजवळ घोंगडीवर बसली. एवढे उन्हाळे ही पोर डोळ्यांसमोर होती, पण तिच्या पायांना म्हातारीनं कधी हात लावला नव्हता. आता तिनं ते दोन्ही वाळके पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि तळव्यावरून, बोटांवरून, घोट्यावरून हात फिरवायला लागली. डोळ्यांतून धारा लागलेल्या. तोंडानं सारखं चाललेलं, "माज्या हातानं नाय गं बाय. माज्या हातानं नाय."

 चांगुणाचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, आता हीपण रडणार.

"आजी, सोड गं," ती म्हणाली. "गुदगुल्या व्हायल्यात."

पोलिओत पायातली ताकद जाते, स्पर्श जात नाही, हे मला कागदावर माहीत होतं. गयाबाईला कुठलं माहीत असणार? तिनं दचकून हात काढला, चांगुणाकडं बघितलं, आणि मुद्दाम पुन्हा तळव्याला बोट लावलं. चांगुणा किंचाळून हसली. कोकरू मांडीवरून उडी मारून पळालं. ठकूबाई हसायला लागली ती हसता हसता हुंदके द्यायला लागली, आणि भास्करराव मेंढरांकडं तोंड करून उभे राहिले.

शाई वाळत चालली होती. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, अंगठा राहिला."

मी म्हटलं, "थांबा हो जरा."